कंबरेचा खिळा

"कंबरेचा खिळा काढायचा नाही. का, ते विचारायचं नाही."

ज्या राज्यात ही आज्ञा दगडावर कोरलेली होती, त्या राज्याची ही गोष्ट. फार मागची. इतकी मागची, की साल विचारू नका. तेव्हा राजे होते, गड होते, पागा होत्या. आणि राज्य गोष्टीतलं असल्यामुळे तिथे एक मोटारसायकलही होती. लहानांनो, हसा खुशाल. मोठ्यांनो, तुम्ही मात्र कान देऊन ऐका.

ती मोटारसायकल विलायतेहून जहाजातून आलेली. काळी, जड, देखणी. गडावरचं औषध घाटाखालच्या गावांत वेळेवर पोचवायचं, तर तेवढीच एक सोय होती. राजाने ती पागेच्या मानकऱ्यांकडे सोपवली. मानकऱ्यांना घोडे ठाऊक होते, म्हणून तिलाही त्यांनी घोड्याचीच नावं दिली. दिवा म्हणजे डोळा. मागचं चाक ज्या दोन लोखंडी दांड्यांत बसतं, ती मांडी. आणि ती मांडी ज्या जाड खिळ्यावर वरखाली हलते, तो कंबरेचा खिळा.

दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची. कंबरेपाशी एक बारीक भोक होतं. थोरले मानकरी चांदीच्या पिचकारीने त्यात तूप घालून मळलेलं घट्ट वंगण भरायचे. वंगण भोकाबाहेर ओघळलं, की ते मान हलवून म्हणायचे, "तृप्त झाली." पूर्वी पिचकारीभर लागायचं. पुढे पुढे थेंबभर घातलं तरी ओघळू लागलं. मानकरी म्हणाले, वय झालं की भूक कमी होतेच.

आणि याच वर्षांत घाटातल्या वळणांवर स्वार पडू लागले.

एक दरीत गेला. त्याचा दगड घाटमाथ्यावर उभा राहिला. मग दुसरा गेला. मानकऱ्यांनी दोन्ही वेळा एकच निकाल दिला: स्वाराची मांड, म्हणजे बसण्याची पकड, कच्ची होती. तिसरा स्वार थोरल्या मानकऱ्यांचा स्वतःचा नातू. तो वाचला, पण खांदा मोडून आला. त्याचीही मांड कच्ची ठरली. पागेची पगडी उतरवून घेतली गेली. येत्या दसऱ्याला राजासमोर घाट उतरून दाखव, नाहीतर पागेच्या दारात पाऊल ठेवू नकोस, असं आजोबांनी त्याला सांगितलं. सगळ्यांत वाईट म्हणजे आपलीच मांड कच्ची, हे त्यालाही पटलं होतं.

त्याची धाकटी बहीण शेजारच्या राज्यातल्या पाठशाळेतून नुकतीच यंत्रविद्या शिकून आली होती. ती त्याच्या उशाशी बसली आणि पडलास कसा, ते नीट सांग म्हणाली. 

"वळणावर पुढचं चाक माझं ऐकत होतं," तो म्हणाला. "मागचं दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होतं."

बहीण तडक पागेत गेली. तिने मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि आडवं हलवलं. चाक हललं. दांड्याही हलल्या. ज्या कंबरेने फक्त वरखाली व्हायचं, ती डावीउजवीकडे डुलत होती.

तिने आजोबांना बोलावून दाखवलं. जमलेल्या मानकऱ्यांपैकी एक म्हणाला, घोडंसुद्धा शेपूट हलवतं, त्याला काय दोरीने बांधायचं? बाकीचे हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी शांतपणे दगडावरच्या आज्ञेकडे बोट दाखवलं.

"आबा, दादा मरेल."

"मांड पक्की असेल तर नाही मरणार."

दसरा उजाडला. झेंडूची तोरणं लागली. राजा आला, गाव आलं. खांदा बांधलेला भाऊ पगडीविना उभा होता. आजोबांनी पिचकारी लावली, थेंब ओघळला, ते म्हणाले, "तृप्त झाली."

"पोटात काही गेलं तर तृप्त होईल ना," बहीण म्हणाली, आणि पाना-हातोडा घेऊन पुढे आली.

कुणी तिला अडवायच्या आत तिने खिळ्याच्या टोकाचा नट काढला होता. मानकरी धावले. राजाने हात वर केला. त्यालाही, खरं तर, पाहायचं होतं. इतक्या वर्षांचा घट्ट बसलेला खिळा, पुष्कळ ठोकावं लागेल, म्हणून तिने पदर खोचला, पाय रोवले आणि पहिला ठोका दिला.

खिळा एका ठोक्यात निसटून खाली पडला.

तीसुद्धा दचकली. खिळ्याच्या भोकातून तांबड्या गंजाची भुकटी भुरभुर सांडली, भुकटीच सांडत राहिली. तेलाचा एक थेंब नाही. तिने वंगणाच्या भोकात तार घातली, तर आतून दगडासारखी घट्ट काळी गुठळी निघाली. कित्येक दसऱ्यांचं तूप त्या तोंडाशीच वाळून बसलं होतं. तोंड भरलेलं आणि पोट उपाशी. खिळ्याची दोन्ही टोकं, जिथे मांडी त्याच्यावर फिरते, तिथे उंदरांनी कुरतडल्यासारखी झिजली होती. खिळ्याची झीज वाचवायला त्याच्याभोवती बसवलेल्या काशाच्या बांगड्या तर नावाला उरल्या होत्या.

ढोल थांबले. 

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. दरीत गेलेल्या पहिल्या स्वाराची आई. तिने खिळा उचलला, झिजेवरून अंगठा फिरवला. तिचा अंगठा त्या खळग्यात पुरा बसला.

"माझ्या पोराची मांड पक्की होती," ती म्हणाली. एवढंच. मग तिने तो खिळा थोरल्या मानकऱ्यांच्या हातात दिला. त्यांनीही त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला.

त्या दिवशी घाट कुणी उतरला नाही. बहिणीने ओतारी आणि लोहार यांना बोलावलं. खिळ्याची वेडीवाकडी झालेली भोकं पुन्हा गोल करून घेतली. ओताऱ्याने काशाच्या नव्या, लांब बांगड्या ओतल्या. लोहाराने त्यांत नेमका बसेल असा, आधीपेक्षा जाड खिळा घडवला. जुना खिळा सैल होऊन स्वतःच फिरायचा आणि आपलं घर खायचा. म्हणून नव्याला दोन्ही बाजूंनी आडवे स्क्रू लावून जखडलं. जुन्या खोगिराचा नमदा, म्हणजे खालचा लोकरीचा जाड थर, कापून त्याच्या चकत्या केल्या, तेलात भिजवल्या आणि टोकांशी बसवल्या, म्हणजे धूळ आत जाणार नाही. घट्ट वंगण बंद. आता आत पातळ तेल, जे खरोखर पोचतं.

खांदा सांधल्यावर भाऊ घाट उतरला आणि औषध पोचवून परत आला. लोकांनी धुळीतला माग पाहिला. वळणावरसुद्धा मागच्या चाकाची रेघ कुठे डुलली नव्हती.

मानकऱ्यांनी नातवाला पगडी परत दिली. घाटमाथ्यावरच्या दोन्ही दगडांवर फुलं वाहिली. हे सगळं ठीक झालं. पण मग त्यांनी पाथरवटाला बोलावलं आणि नातीला मानाने पुढे बसवलं. थोरले मानकरी कौतुकाने म्हणाले, "पोरी, तुझा खिळा आता राज्याचा खिळा. त्याला कुणी हात लावू नये. दगडावर कोरू, नव्या खिळ्याला कधी काढायचं नाही. खाली तुझं नाव घालू."

तिला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने आजोबांकडे पाहिलं. ते मनापासून हसत होते.

"नाही, आबा," ती म्हणाली. "माझ्या नावाने हा दगड उभा राहणार नाही. दर दसऱ्याला हा खिळा सगळ्यांसमोर काढायचा. झिजला असेल तर नवा करायचा, आणि माझं चुकलं असेल तर तेही सगळ्यांसमोर सांगायचं. हे पटत नसेल, तर माझा खिळा मला परत द्या."

पाथरवटाची छिन्नी हवेतच थांबली. मानकरी एकमेकांकडे पाहू लागले. 

तात्पर्य: ज्याला उघडून पाहायची बंदी असते, त्यालाच आधी गंज चढतो.