माशीने तोंड न लावलेलं पाणी

गोष्ट जुनी आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. तिथल्या राजाची एक बाग होती आणि बागेत मोठा दगडी हौद होता. डोंगरातला ओढा त्या हौदात यायचा. उन्हाळा लागला की हौदाचं पाणी पाटाने खालच्या गावाला सोडायचं, अशी रीत होती.

पण त्याआधी बागेचा म्हातारा माळी हौदाकाठी जाऊन बसायचा. रानमाश्या येऊन पाणी पिऊ लागल्या की तो पाटाच्या दाराला झेंडूची माळ बांधायचा. माळ दिसली की गाव निर्धास्तपणे घागरी भरायचं. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या वर्षी माश्यांचं काहीतरी बिनसलं. हौदाकडे त्या फिरकेनात. त्या पाण्यावर वाढलेल्या फुलांनाही शिवेनात. मग या जगतात तरी कशावर? माळी शोधत शोधत खताच्या गाडीपाशी आला आणि थबकला. माश्या बैलांच्या डोळ्यांना चिकटल्या होत्या आणि आसवं पीत होत्या. बैल बिचारे माना हलवून थकले होते.

ओढ्याच्या वरच्या अंगाला राजवस्त्रं रंगवायच्या नव्या भट्ट्या बसल्या होत्या, हे माळ्याला ठाऊक होतं. तो तसाच कारभाऱ्याकडे धावला.

"सरकार, यंदा पानी सोडू नगा. माशी तोंड लावीत न्हाई."

"उद्या पाहुणे राजे येणार आहेत," कारभारी म्हणाला. "महाराज त्यांच्यादेखत पाट उघडणार. माशी बसलीच पाहिजे. नाही बसली, तर परवा या बागेत दुसरा माळी दिसेल."

बागेतलं झाड न् झाड माळ्याच्या हातचं होतं. बायको गेल्याचं दुःखही त्याने इथेच कुदळ मारत जिरवलं होतं. बागेबाहेर त्याला जगच नव्हतं. पहाटे त्याने गुळाचं पाणी केलं आणि हौदाच्या काठाला चोपडलं.

माश्या आल्या. त्यांनी गूळ चाटला आणि पाण्याला न शिवता त्या उडून गेल्या. हे माळ्याने पाहिलं. राजाने आणि पाहुण्यांनी नुसत्या माश्या पाहिल्या. माळ्याने माळ बांधली, वाजंत्री वाजली, पाट उघडला.

गर्दीत माळ्याची लेक उभी होती. खालच्या गावातच तिचं सासर. एका कडेवर नुकतं चालू लागलेलं लेकरू, दुसऱ्या हातात घागर.

"बा, माशी बसली न्हवं? लेकराला पाजू का?"

कारभारी दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"बसली, पोरी," माळी म्हणाला.

संध्याकाळी तिच्या घरी जायचं, खरं सांगायचं आणि घागर ओतून टाकायला लावायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. बाकीच्या घागरींचा विचार त्याने मनात येऊच दिला नाही. पण पाहुण्यांसाठी हार गुंफता गुंफता संध्याकाळ टळली. वाड्यावरून त्याला कुणी हलू दिलं नाही.

सकाळी तो गावात पोचला तेव्हा घराघरांतून रडणं ऐकू येत होतं. लेक उंबऱ्यात बसली होती. मांडीवरचं लेकरू निजल्यासारखं दिसत होतं. ती रडत नव्हती.

"बा, तू म्हनलास, बसली," एवढंच ती बोलली.

गावातली अकरा मुलं त्या पाण्याने गेली. राजाने भट्ट्या विझवल्या, पण फार उशिरा. माळ्याला कुणी काढलं नाही. सांगितल्याप्रमाणे त्याने माशी बसवली होती ना! बाग त्याचीच राहिली. लेक मात्र पुन्हा त्याच्याशी कधी बोलली नाही.

तो रोज हौदाकाठी बसून रडायचा. एका दुपारी रानमाश्या आल्या आणि त्याच्या डोळ्यांना चिकटल्या. त्याने त्यांना हाकललं नाही.

लहानांनो, थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याच्या शब्दावर गाव पाणी पितं, त्याने भीतीपोटीसुद्धा खोटं बोलू नये.