धाकटी स्प्रिंग आणि शिकंजाकाका

हत्यारांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. उघडलेल्या इंजिनात व्हॉल्व्हची धाकटी स्प्रिंग दबून दबून वैतागली होती.

“एका झटक्यात मोकळी करतो! सकाळी तुझ्या थोरल्या बहिणीला केलं ना?” स्क्रू ड्रायव्हर ऐटीत म्हणाला.

स्प्रिंग दाबून धरणारा शेजारचा शिकंजा म्हणाला, “बाळ, मी आधी तुला आणखी थोडं दाबेन.”

“सोडवायला आलात की छळायला?” स्प्रिंग फणकारली. मग स्क्रू ड्रायव्हरकडे वळली, “पण ताई आहे कुठे?”

“शोधतायत,” तो पुटपुटला.

“दाबा हो, शिकंजाकाका!”

शिकंज्याने तिला दाबलं. तिला अडकवणारी दोन चिमुकली लॉक अलगद बाहेर आली. मग आपल्या स्क्रूचा एकेक आटा फिरवत त्याने तिला सैल सोडलं. स्प्रिंग हसत ताठ उभी राहिली.

तेवढ्यात परसातून कोंबडी ओरडली, “खुराड्याचा पत्रा फोडून हे कुणाचं वेटोळ्यांचं लोखंडी अंडं आलंय?”

स्क्रू ड्रायव्हर गुपचूप चिंधीखाली शिरला.