अकरा दगड आणि एक नामंजूर

एका राज्यात राजाला सगळं करता यायचं, फक्त न्यायाधीश परस्पर नेमता यायचा नाही. राजानं नाव सुचवायचं, अकरा सभासदांनी त्या माणसाला उभं करून खोदून खोदून विचारायचं, मगच 'मंजूर' नाहीतर 'नामंजूर'. न्यायासन एका जादूगारानं घडवलं होतं. चौकशी न होता कुणी त्यावर बसला तर सभेचा दगड होईल, असा शापच त्यानं त्यात कोरला होता.

पण राजा धवलकेतूला घाई फार. जुना न्यायाधीश वारला, आणि त्याच्या तेराव्यालाच राजानं मेहुण्याला, राणीच्या धाकट्या भावाला व्याघ्रसेनाला, थेट आसनावर नेऊन बसवलं. व्याघ्रसेन टेकला आणि अकराही सभासद बसल्या जागी दगड झाले.

त्यांत एक होती सगुणा, भिकोबा भालदाराची धाकटी बहीण.

भिकोबाचं चाळीस वर्षं एकच काम. नावं आणि निकाल पुकारायचे, बाकी गप्प. आता तो रोज बहिणीच्या खांद्यावरची धूळ पुसायचा आणि जुने दिवस आठवत बसायचा. थोरल्या महाराजांच्या काळी एकेक चौकशी तीन तीन दिवस चालायची. गूळ-शेंगदाण्यांची परात फिरायची. सगुणा विचारायची, "सासूशी कसं वागता?" मोठमोठ्या पंडितांना दरदरून घाम फुटायचा, आणि महाराज खांबाआड तोंड दाबून हसायचे. आता सभेत पाल चुकचुकली तरी ऐकू यायची.

एका सकाळी खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "भिकोबा, अमावास्येपर्यंत मुदत. नंतर दगड तो दगडच."

"काय करू?"

"व्याघ्रसेनाला तीन प्रश्न विचार. खोटं बोलला की आसनावर कोरलेले सिंह जांभई देतील. मग निकाल पुकार. राजानं तो मानला तर शाप सुटेल."

"मी साधा भालदार. मी फक्त ओरडतो."

"मग ओरड," म्हणून पक्षी उडाला.

राजा सभेत असताना भिकोबा आसनापुढे गेला. "सरकार, जरा उभे राहा. तुमची चौकशी राहिलीय."

"म्हातारा खुळावला," व्याघ्रसेन म्हणाला.

"विचारू द्या मेहुणे, करमणूक होईल," राजा म्हणाला.

"कायदा वाचलाय?" भिकोबानं विचारलं.

"तोंडपाठ आहे." सिंहांनी जांभई दिली.

"गरिबाचं ऐकून घ्याल?"

"रोज." पुन्हा जांभई.

"महाराजांच्या विरुद्ध निकाल द्यायची वेळ आली तर?"

व्याघ्रसेनानं राजाकडे चोरून पाहिलं. "देईन की." या खेपेला सिंहांच्या दाढासुद्धा दिसल्या.

आता मान जाणार, हे भिकोबाला कळलं होतं. त्यानं एकदा सगुणाकडे पाहिलं आणि घसा ताणून पुकारलं, "नामंजूर."

राजाचा हात तलवारीवर गेला. "कुणाच्या अधिकारानं?"

"ह्या अकरा जणांच्या, महाराज. ह्यांना बोलता येईना, म्हणून मी. थोरल्या महाराजांना ह्यांनी सात वेळा नाही म्हटलं. ते चिडायचे, जेवायचे नाहीत. पण दुसऱ्या दिवशी नवं नाव घेऊन यायचे. तुम्ही तेव्हा त्यांच्या कडेवर असायचात."

राजाचा हात तलवारीवरून खाली आला.

"मेहुणे, जा घरी."

"ताईला काय सांगू?"

"तिला मी सांगतो," राजा म्हणाला, आणि तेव्हा मात्र त्याचा चेहरा खरोखर पडला.

दगडांना पायापासून रंग चढला. सगुणानं आखडलेली मान मोकळी केली. म्हणाली, "दादा, किती वाळलास रे." तोवर मागे भांडण जुंपलंही होतं, कुणाच्या डोक्यावर कोळ्यानं जाळं केलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी राजानं कोष्ट्याच्या इंदुमतीचं नाव आणलं. चौकशी चार दिवस चालली. आठ म्हणाले मंजूर, तिघं म्हणाले नामंजूर, आणि तिघांनी कारणंही सुनावली. भिकोबा कोपऱ्यात काठीला टेकून तो गोंगाट ऐकत राहिला. संपायची त्याला काही घाई नव्हती.

असं ते राज्य पुन्हा भांडायला लागलं, म्हणजे सुखी झालं.