उत्तरेला न गेलेले पाखरू

एका राज्यात, जिथे नदी राजवाड्याच्या पायऱ्या धूत वाहत असे, धैर्यकेतू नावाचा राजा होता. त्याला दोन अपत्ये. थोरली राजकन्या कुमुद्वती, धाकटा राजपुत्र अरिंजय. अरिंजयाचा बाण कधी चुकला नव्हता, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

कार्तिकातल्या एका सकाळी अरिंजय नदीकाठी गेला. नव्या बाणांची पारख म्हणून त्याने उडती दहा पाखरे खाली पाडली. त्यातले एकही उचलले नाही. नदीतल्या बेटावर नीलजंघ नावाचा मांत्रिक राहत असे. तो पाण्यावरून चालत आला आणि मेलेले एक पाखरू त्याने ओंजळीत घेतले.

"राजपुत्रा, हा कोण?"

"पक्षी."

"कोणता पक्षी?"

"मांत्रिका, मी नेम धरतो. नावे विचारत बसत नाही."

"मग तूही तसाच बिननावाचा हो," नीलजंघ म्हणाला. "तू आपल्याच घराच्या आसपास फिरशील, तुझीच माणसे तुला पाहतील, पण ओळखणार नाहीत. वर्षाच्या आत तुझ्या रक्ताच्या माणसाने तुला ओळखून नावाने हाक मारली, तर सुटशील. हाक एकच. ती चुकली, तर जन्मभर पाखरू."

त्याने चूळभर पाणी उडवले. काठावर धनुष्य पडले, वस्त्रे पडली आणि एक पाखरू भुर्रकन उडून गेले. सेवक धावत आले. त्यांनी शाप ऐकला होता, पाखरू उडतानाही पाहिले होते. पण ते कोणत्या रंगाचे होते, हे एकालाही सांगता येईना.

राजा म्हणाला, "माझा पुत्र साधेसुधे पाखरू होईल, हे शक्य नाही. आणि घराजवळ असता, तर मला दिसला नसता काय?" त्याने जहाजे सोडली, घोडेस्वार धाडले. द्वीपाद्वीपांतून तुरेवाले, झुपकेदार शेपटांचे, सात रंगांचे पक्षी आले. तीनशे पिंजरे भरले. राजा रोज त्यांच्यापुढून फिरे, प्रत्येकाच्या डोळ्यांत पाही आणि रोज खाली मान घालून परते.

कुमुद्वती मात्र मागल्या बागेत पांगाऱ्याखाली बसून रडत असे. एके दिवशी झुडपातून एक भारद्वाज चालत बाहेर आला. काळे अंग, तांबूस पंख, गुंजेसारखे लाल डोळे. तो बोलला. त्या राज्यात भारद्वाज बोलत असत. थांबून ऐकणारे कोणी नव्हते, इतकेच.

"राजकन्ये, रडणाऱ्या डोळ्यांना दिसत नाही. भाऊ हवा असेल तर तीन कामे कर."

"सांगावे."

"पहिले काम. इतकी निश्चल बस की पाखराने तुला झाड समजावे. दुसरे मी मागाहून सांगेन."

कुमुद्वती बसली. पहिल्या दिवशी मुंग्या चावल्या, दुसऱ्या दिवशी पाय बधिर झाले. नवव्या दिवशी, हातभर अंतरावर, जास्वंदीच्या फुलाला एक जांभळा ठिपका लोंबकळला. उन्हात तो निळा झाला, मग हिरवा, मग पुन्हा जांभळा. बाकदार चोच फुलात गेली. ते अंगठ्याएवढे पाखरू तिथून उडाले ते तिच्या गुडघ्यावर बसले, त्याने चोच पुसली आणि निघून गेले.

राजकन्येला श्वास घ्यायचे भान राहिले नाही. मग ती धावतच येसू माळिणीकडे गेली. "येसूबाई, एवढेसे, निळे, चकाकणारे! कोण ते?"

"शिंजीर हाय त्यो, ताईसाहेब," येसू हसली. "तुमचा जन्म व्हायच्या आदीपासनं येतोय हितं."

"मग मला वीस वर्षांत कसा दिसला नाही?"

"तुमी हितनं जाताना पालखीचा पडदा पाडलेला असतोय की."

त्या रात्री कुमुद्वतीला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. भावाचे दुःख कमी झाले नव्हते. पण सकाळ कधी होते असे तिला वाटू लागले होते.

भारद्वाजाने दुसरे काम सांगितले. "डोळ्यांवर पट्टी बांध. या बागेतले एकवीस पक्षी नुसत्या आवाजावरून ओळख."

येसू शेजारी बसून नावे सांगे, राजकन्या ऐके. शीळ घालणारा दयाळ, किटकिटणारा शिंपी, कर्कश ओरडणारा खंड्या. दूरवर टुक, टुक, टुक असा ठोका पडत असे. "ती तांबट आळी. भांडी ठोकतात," राजकन्या म्हणाली.

"न्हाई वो! पट्टी काढा अन् त्या वडाच्या शेंड्याला बघा."

शेंड्यावर हिरवे, गुबगुबीत, लाल कपाळाचे पाखरू मान हलवून ठोके देत होते. जन्मभर ज्याला ती भांड्यांचा आवाज समजली, तो तांबट पक्षी होता. कुमुद्वती इतकी मोठ्याने हसली की पहारेकरी धावत आले. माघ संपता संपता तिला एकविसाच्या जागी चाळीस ओळखू येऊ लागले.

"आता तिसरे," भारद्वाज म्हणाला. "जो आपल्या जातीसारखा वागत नाही, तो शोध. याहून अधिक मला सांगता येत नाही."

हिवाळाभर अंगणात आणि नदीकाठी धोबी पक्षी उतरलेले असत, आणि रोज सकाळी ती त्यांना पाहत बसे. करडी पाठ, पिवळसर पोट, सारखी वरखाली आपटणारी लांब शेपटी. ते उत्तरेकडच्या डोंगरांतून येतात आणि उन्हे तापली की परत जातात, हे येसूने तिला सांगितले होते. चैत्रात एके पहाटे सगळे उठले आणि गेले. रिकाम्या वाळूकडे पाहून तिला चुटपुट लागली.

वैशाखात, भर दुपारी, तापलेल्या पायरीवर तिला एक धोबी दिसला. चोच उघडी टाकून तो धापा टाकत होता.

हा का गेला नाही? पंख दुखावला असेल? तिने तीन दिवस पाहिले. पंख धड होते. रोज संध्याकाळी तो उंच उडे, राजवाड्याभोवती एक फेरी घाली आणि पुन्हा त्याच पायरीवर उतरे. राजकन्येच्या ओठांवर हाक आली. पण हाक एकच होती, आणि म्हातारपणामुळे एखादे पाखरू मागे राहूही शकते. तिने ओठ मिटले.

चौथ्या दिवशी महालात गलबला झाला. एका व्यापाऱ्याने सोन्याच्या पिसांचा पोपट आणला होता, आणि पोपट अरिंजयाच्या आवाजात बोलत होता.

"तात, मला ओळखले नाही? ताई, हाक मार ना!"

राजा ढसाढसा रडला. "मी हाक मारतो!"

"तात, थांबा," कुमुद्वती म्हणाली. "एक प्रहर मला याला पाहू द्या."

"आवाज त्याचा आहे! आणखी काय पाहायचे?"

"एक प्रहर."

ती गच्चीवरच्या पिंजऱ्यांसमोर झाडासारखी बसली. राजा येरझारा घालत होता. प्रहर संपत आला, तेवढ्यात डोक्यावरून पाखरे टिपणारा एक शिकरा गेला आणि त्याची सावली पिंजऱ्यांवरून सरकली. तीनशे पक्षी एकदम दबले, गप्प झाले. खाली पायरीवरचा धोबीसुद्धा दगडाला चिकटला. सोन्याच्या पोपटाने मात्र पापणीही हलवली नाही.

"तात, ज्याला जिवाची भीती नाही, त्यात जीव नाही," राजकन्या म्हणाली. "हे धन आहे. पाखरू नव्हे."

"आणि चुकलीस तर?"

"तर जन्मभर मी स्वतःला क्षमा करणार नाही."

ती पायऱ्या उतरून खाली गेली. ती अगदी जवळ गेली तरी धोबी उडाला नाही; दुसरा कोणताही धोबी एवढा थांबला नसता. तिने स्पष्ट आवाजात हाक मारली.

"अरिंजया, घरी ये."

पायरीवर राजपुत्र बसलेला होता. अंग उन्हाने रापलेले, ओठ फुटलेले. वर महालात सोन्याचा पोपट राख होऊन गळून पडला. नदीवरून नीलजंघ चालत आला. "तो पोपट माझा होता," तो म्हणाला. "सोन्याला भुलणारे घर शापातून सुटत नाही. तुझ्यामुळे सुटले." त्याने राजकन्येला नमस्कार केला आणि तो बेटाकडे परतला.

राजाने त्याच दिवशी जहाजे भरली आणि तीनशे पक्षी आपापल्या देशी पोहोचवले. नदीकाठी शिकार बंद झाली. येसू माळिणीला राजोद्यानाची मुख्य केले, आणि पालख्यांचे पडदे काढून टाकले.

अरिंजय आता रोज बहिणीसोबत पाखरे पाहायला बसे. एकदा बहिणीने विचारले, "बाकीचे उत्तरेला गेले, तेव्हा तू का गेला नाहीस? उन्हात मेला असतास."

"ते मला बोलावत होते, ताई. मीही उडालो होतो, दोन कोस गेलो होतो," तो म्हणाला. "पण रोज सकाळी तू येऊन बसत होतीस. आणि माझ्याकडे बघून तुझ्या चेहऱ्यावर आनंद येत होता. मी कोण, हे तुला ठाऊकही नव्हते. तरी येत होता. तो सोडून जाववेना."

जशी त्या घरी ओळख उजाडली, तशी ऐकणाऱ्यांच्या अंगणीही उजाडो.