वळणावरची खोकड

साताऱ्यात एकदा एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. त्यांचे नाव इंदुमती गुर्जर, पण शिकायला येणारे सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. मोठ्या रस्त्यांचे त्यांना वावडे होते. उजाडायच्या सुमारास जुनी जीप बाहेर काढावी, नकाशावर बारीक रेघेने दाखवलेला एखादा रस्ता धरावा आणि माणदेशाच्या माळरानात शिरावे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. शेंदूर फासून देव झालेला मैलाचा दगड, एसटीच्या मोडक्या निवाऱ्यात सावलीला बसलेल्या शेळ्या, विजेच्या तारेवर पंख वाळवणारा नीलकंठ असे जे दुसऱ्या कोणी गाडीतून मान वळवूनही पाहिले नसते, त्यासाठी बाई थांबत. आणि थांबल्या की घाई करत नसत. रस्त्याकडेच्या खडकाळ जागेत अंडी घातलेली टिटवी त्यांना पाहून उठली, तर ती पुन्हा येऊन बसेपर्यंत त्या इंजिन बंद करून स्वस्थ बसून राहत. कॅमेरा मांडीवरच असे. त्यांच्या जीपला हॉर्न आहे की नाही, हेसुद्धा शिष्यांना ठाऊक नव्हते.

अशा बाईंकडे निनाद शेजवलकर शिकायला आला. वय तिशीच्या आसपास. पुण्यातली चांगली नोकरी त्याने या छंदापायी सोडली होती आणि त्या दिवसापासून वडील त्याच्याशी कामापुरतेच बोलत होते. मुलाची नजर उत्तम होती. प्रकाश कुठून येतो, कुठे सांडतो हे त्याला न सांगता कळे. पण त्याला लवकर पोहोचायचे होते. निसर्गाला वाहिलेल्या एका मासिकाने विशेषांकाच्या मुखपृष्ठासाठी छायाचित्रे मागवली होती. ते मुखपृष्ठ आपल्याला मिळावे, तो अंक घरच्या टेबलावर ठेवावा आणि वडिलांनी तो उचलून पाहावा, एवढेच त्याच्या मनात घोळत असे.

उन्हाळ्याच्या एका सकाळी दोघे निघाले. गवत वाळून सोनेरी झाले होते. एका उतारावर रस्ता टेकडीला वळसा घालतो, तिथे बाईंनी जीप बाजूला घेतली, कारण समोर रस्त्याच्या कडेला एक खोकड उभी होती. खोकड म्हणजे कोल्ह्याची धाकटी चुलतबहीण म्हणावी अशी, अंगाने बारीक, कानांनी मोठी आणि शेपटीच्या टोकाला काजळ लावल्यासारखी काळी. एरवी माणसाचा वास आला तरी ती गवतात विरून जाते. ही मात्र गेली नाही. उलट जीप थांबलेली पाहून दोन पावले पुढे आली. तिच्या मागोमाग बांधाच्या बिळातून तिची चार पिल्ले बाहेर पडली आणि डांबरावर एकमेकांच्या शेपट्या ओढत खेळू लागली.

निनादला स्वतःच्या नशिबावर विश्वास बसेना. तो आवाज न करता उतरला आणि रस्त्यावर पालथा पडला. खोकड आणखी जवळ आली. तिच्या मिशांवर कोवळे ऊन चमकत होते. तिने थेट भिंगात पाहिले. त्याने एक फोटो घेतला आणि दुसऱ्यासाठी श्वास रोखला.

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. वाजला तो वाजतच राहिला.

खोकड दचकली, चार हात मागे सरली आणि पुन्हा उभी राहिली. तेव्हा बाई खाली उतरल्या. त्यांनी डब्याचे झाकण दगडावर बडवले, बेंबीच्या देठापासून ओरडल्या, आणि तरीही ती हलेना म्हणून वाकून ढेकूळ उचलले. पहिले तिच्या पायाशी फुटले. दुसरे तिच्या बरगडीला लागले. खोकड केकाटली आणि पिल्लांना घेऊन बांधापलीकडे नाहीशी झाली.

निनाद धुळीतून उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“बाई, हे काय केलंत तुम्ही? तुम्ही?”

बाईंना धाप लागली होती. त्यांनी नुसता हात वर केला.

“आम्हाला सांगता, पान हलता कामा नये. आणि स्वतः दगड मारता?”

“ढेकूळ होतं,” बाई म्हणाल्या. “गाडीत बस.”

“नाही बसत. मी चालत जाईन पुढच्या गावापर्यंत.”

“बरं. मग मी इथेच थांबते. तुझा राग उतरला की निघू.”

तो खरोखरच रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने उतारावरून एक मोठी गाडी आली आणि नेमकी त्याच वळणावर हळू झाली. आत एक मध्यमवयीन जोडपे होते. बाईंनी खिडकीशी जाऊन, मोकळेपणाने हसून कुठून आलात म्हणून विचारले.

“बारामतीहून,” गाडीतल्या स्त्रीने सांगितले. तिच्या मांडीवर पोळ्यांची पुरचुंडी होती. “इथं एक कोल्हीण पिल्लं घेऊन येते म्हणे. मोबाइलवर बघितलं. हातातून खाते अगदी. म्हटलं, उन्हाचं त्या बिचारीला काय मिळत असेल? मागच्या रविवारी पण आलो होतो. आमच्या ह्यांच्या हातातून बिस्किट घेतलं तिनं.”

“आज नाही यायची ती,” बाई म्हणाल्या. “मी हाकललंय तिला.”

“का हो?”

“या रस्त्यावरून खडीचे डंपर जातात, म्हणून.”

त्या स्त्रीला ते फारसे पटलेले दिसले नाही. माणसे भली होती, वाद घालणारी नव्हती. तिने पोळ्या बाभळीच्या बुंध्याशी ठेवल्या, हात जोडले आणि गाडी निघून गेली. बाईंनी त्या पोळ्या उचलून जीपमध्ये ठेवल्या. मग त्या निनादजवळ जाऊन मैलाच्या दगडावर टेकल्या.

“तुझा फोटो वाईट होणार असता ना, तर मी गप्प बसले असते,” त्या म्हणाल्या. “तो फार चांगला होणार होता. आणि चांगला फोटो पाहणाऱ्याला घरी बसू देत नाही. लोक विचारतील, कुठलं हे वळण? तू नाही सांगितलंस, तरी मागची टेकडी सांगेल. मग आणखी गाड्या येतील, आणि प्रत्येक गाडी तिला एकच गोष्ट शिकवेल, की चाकांचा आवाज झाला म्हणजे खाऊ आला. सगळ्या गाड्या थांबणाऱ्या नसतात, निनाद. हे तिला कोण समजावणार?”

“पण मारायचं कशाला? हॉर्न वाजवलात तेवढा पुरे होता.”

“हॉर्नला ती हलली नाही, पाहिलंस ना? तिथेच मला कळलं, ती भिणं विसरली आहे. भिणं हे तिला तिच्या आईनं दिलेलं पांघरूण आहे. त्या पांघरुणाच्या जिवावर ती या उघड्या माळावर जगते. आपण सगळ्यांनी मिळून, अगदी मायेनं, ते तिच्या अंगावरून काढून घेतलंय. ते परत द्यायचं, तर कुणीतरी तिच्या लेखी वाईट व्हायला हवं. आज मी झाले.”

निनाद जीपमध्ये बसला. बाईंचे म्हणणे त्याला पटले होते, पण मनाच्या तळाशी उतरले नव्हते. परतीच्या वाटेवर त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा तो एकच फोटो बाईंना दाखवला. बाईंनी जीप थांबवून, चष्मा लावून तो नीट पाहिला.

“सुंदर आहे,” त्या म्हणाल्या आणि कॅमेरा परत दिला. काढून टाक म्हणाल्या नाहीत, ठेव म्हणाल्या नाहीत.

त्या आठवड्यात निनादने तो फोटो पुष्कळदा पाहिला. जितका पाहिला तितकी त्यातली एक उणीव त्याला टोचू लागली. चौकटीच्या कडेला डावा कान किंचित कापला गेला होता. दुसरा फोटो मिळाला असता तर तो निर्दोष झाला असता. मासिकाची मुदत जवळ आली होती. एकदाच जाऊ, त्याने स्वतःला सांगितले. खायला काही द्यायचे नाही, फक्त एक फोटो घ्यायचा आणि परत फिरायचे. जागेचे नाव कुणालाही सांगायचे नाही. बाईंना न कळवता त्याने मित्राची गाडी मागून घेतली.

सकाळची वेळ होती. वळण आले, त्याने गाडी कडेला घेतली. खोकड बांधावरच बसली होती. आठवड्याभरात बाईंचे ढेकूळ ती विसरली असावी किंवा मधल्या दिवसांत आणखी पोळ्या मिळाल्या असाव्यात. गाडी थांबताच ती उठली आणि सरळ दाराशी आली. निनादने काच खाली केली आणि कॅमेरा उचलला. ऊन पहिल्यापेक्षाही चांगले होते. दोन्ही कान पुरते दिसत होते.

तेव्हा त्याचे लक्ष पिल्लांकडे गेले. त्या दिवशी चार होती. आज तीनच खेळत होती. त्याने भिंग फिरवले. चौथे रस्त्याच्या कडेला होते. डांबराला चिकटून, सपाट झालेले. वाऱ्याने त्याच्या शेपटीचे केस हलत होते, तेवढीच काय ती हालचाल. आणि खोकड त्याच्यापासून हातभर अंतरावर, निनादच्या खिडकीकडे मान वर करून, खाऊची वाट पाहत बसली होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, शंकाही नव्हती. होता तो नुसता विश्वास, आणि निनादला त्या नजरेकडे पाहवेना.

त्याने कॅमेरा शेजारच्या सीटवर ठेवला. हॉर्नवर तळहात दाबला. खोकड जेमतेम मागे सरली. मग तो उतरला. आयुष्यात कधी ओरडला नव्हता इतक्या मोठ्याने ओरडत तो तिच्या अंगावर धावून गेला. ढेकळे उचलून फेकताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्यामुळे एकही नीट लागत नव्हते. बांधापर्यंत धावला, बांध ओलांडून पलीकडेही धावला. ती गवतात पार दिसेनाशी झाली तेव्हाच तो थांबला.

परत येऊन त्याने मेलेल्या पिल्लाला गाडीतल्या वर्तमानपत्रावर घेतले आणि रस्त्यापासून दूर, माळावर नेऊन ठेवले. आई त्याच्यापाशी आली तरी तिला डांबरावर यावे लागू नये, एवढाच त्यामागे विचार होता. मग त्याने बाईंना फोन लावला.

“बाई, मी वळणावर आहे. एकटाच आलो होतो.”

“हं.”

“एक पिल्लू गेलं.”

बाईंनी त्याला बोल लावला नाही.

“तू काय केलंस?” त्यांनी विचारले.

“हाकललं तिला. पण ती उद्या परत येईल, बाई.”

“येईलच. मग उद्या आपणही येऊ.”

तो फोटो निनादने मासिकाला पाठवला नाही. मुखपृष्ठावर दुसऱ्या कोणाचा तरी गरुड आला, आणि तो अंक घरच्या टेबलावर ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही. वडिलांनी एकदा विचारले, “हल्ली रोज पहाटे कुठे जातोस?” त्याने सगळे सांगितले. ते ऐकून घेऊन वडील एवढेच म्हणाले, “जाताना चहा तरी घेऊन जात जा,” आणि दुसऱ्या दिवसापासून थर्मास भरून ठेवू लागले. निनादने साताऱ्यात खोली घेतली नव्हती. तो पुण्याच्या घरून अंधारातच निघे. आपण हे का करतो, असा प्रश्न मात्र त्याला कधी पडला नाही.

उन्हाळाभर गुरू-शिष्य त्या वळणावर जात राहिले. खोकड आली की हॉर्न, झाकण, ढेकूळ. गाड्या आल्या की हात जोडून विनंती. काही जण हसले, काही चिडले, पुष्कळांना पटले. बारामतीचे जोडपे पुन्हा आले, तेव्हा निनादने त्यांना पिल्लाबद्दल सांगितले. त्या स्त्रीने तोंडाला पदर लावला. ज्या मोबाइलवर तिने ती चित्रफीत पाहिली होती, त्याच मोबाइलवरून तिने ती टाकणाऱ्याला शोधून काढले आणि विनवणी करून काढायला लावली. हळूहळू गाड्या थांबायच्या कमी झाल्या. आधी खोकड हॉर्न ऐकून पळू लागली, पुढे जीप दिसताच पळू लागली. पिल्ले तिच्याही आधी पळत.

पावसाळा तोंडावर आला असताना एका सकाळी त्यांनी जीप नेहमीच्या वळणावर आणली. बाईंनी अजून हॉर्नला हातही लावला नव्हता. दूर, टेकडीच्या उतारावर गवत हलले. काजळ लावल्यासारखे शेपटीचे टोक क्षणभर दिसले, त्यामागे धावणारे आणखी काही लहान जीव भासले आणि माळ पुन्हा निश्चल झाला. निनादला कॅमेरा उचलायलाही सवड मिळाली नव्हती.

तो हसला, अगदी मोठ्याने हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि जीप पुढच्या रस्त्याला लावली.

ज्याच्यावर आपला जीव जडला आहे, त्याने आपल्याला पाहून दूर पळावे आणि त्यात आपल्याला आनंद व्हावा, हे शिकायला फार मोठे मन लागते. निनादला ते त्या सकाळी साधले.