राजाने महिना कापला

एका गावात एक राजा राहत असे. राज्य म्हणाल तर तेवढंच गाव, पण मिशा सात गावांना पुरतील एवढ्या. त्याचं नाव भूपाळराव. त्याला सहा लेकी, म्हणून जावईही सहा, आणि सगळे जेवायला खंदे.

दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना आला, की रीतीप्रमाणे जावयांना पुरणाचे धोंडे आणि अनारसे खायला बोलवायचं. महिनाभरात राजाच्या कोठारातले तुपाचे रांजण एकामागून एक आडवे व्हायचे. तुपात तर राजाचा जीव!

एकदा त्याने जोशीबुवांना बोलावलं. "हा जास्तीचा महिना तुम्ही काढलात कुठून?"

"महाराज, चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला अकराएक दिवस कमी पडतात. तसंच सोडलं तर सण पुढे पळतात आणि ऋतू मागे राहतात. म्हणून मधूनमधून एक महिना जादा धरून चंद्राला जरा थांबवायचं."

"चंद्राला कशाला? जावयांना थांबवा! आजपासून अधिक महिना बंद."

राणी म्हणाली, "अहो, जावई एक वेळ ऐकतील. आभाळ ऐकेल का?"

राजाने हसत भातावर तूप वाढून घेतलं.

पहिली काही वर्षं कुणाला फारसं जाणवलं नाही. मग पेरणीच्या आधीच पोळा आला. काम न करता पुरणपोळी मिळालेली पाहून बैलसुद्धा गोंधळले. पुढे दिवाळी ऐन पावसाळ्यात आली. पणत्या विझल्या, पोरांचे किल्ले वाहून गेले. पाडव्याला लेकी-जावई आले आणि त्याच संध्याकाळी नदीला पूर आला.

थोरले जावई म्हणाले, "सासरेबुवा, पाणी उतरल्याशिवाय निघणं बरं नव्हे."

पाऊस काही थांबेना. जावई जेवत राहिले. "सासूबाई, आज करंज्या नाहीत का?" धाकटे रोज विचारायचे. अखेर पाणी उतरलं, पण त्याआधीच शेवटचा रांजण आडवा झाला होता. राजाच्या भातावर घालायला थेंबभर तूप उरलं नाही.

राजाने जोशीबुवांना तातडीने वाड्यावर बोलावलं. "बुवा, चंद्राला थांबवा! राहिलेले सगळे अधिक महिने आत्ताच धरा!"

"धरतो, महाराज. तीन राहिलेत. ओळीने तीन होतील."

हे ऐकून गाठोडी बांधत असलेल्या थोरल्या जावयांनी गाठ सोडली. "काय हो, तीन महिने धोंडे?" असं म्हणत ते पुन्हा पाटावर येऊन बसले. त्यांच्यामागोमाग बाकीचे पाचही बसले.

तात्पर्य: वेळच्या वेळी थोडं द्यायला जो कुरकुरतो, त्याला पुढे सगळं एकदम द्यावं लागतं, आणि चंद्र-सूर्य कुणाच्या हुकमावर चालत नाहीत.