ठकूने पकडलेले तोतये

महाराज रणधीरसेनांची हार्ड डिस्क पुन्हा भरली!

झरोक्यातून प्रजेला दर्शन द्यायची या घराण्याची जुनी रीत. पण उन्हात उभं राहून महाराजांचा रंग रापायला लागला, तेव्हा दरबारात कॉम्प्युटर आला. आता रोज सकाळी महाराज कॅमेऱ्यापुढे बसत, मिशीला पीळ देत आणि प्रजेला उपदेश करत. त्याचा व्हिडिओ डिस्कवर जपून ठेवला जाई. आज उपदेश ऐन रंगात आला आणि पडद्यावर पाटी झळकली, ‘जागा शिल्लक नाही’. खुद्द महाराजांना असं तोंडावर सांगायची हिंमत आजवर कुणा माणसाने केली नव्हती!

उपाय काही कमी झाले नव्हते. राजवैद्यांनी अपचनाचं निदान करून कॉम्प्युटरला एकादशी धरायला लावली होती. राजज्योतिष्यांनी त्याच्यावर लिंबू-मिरची टांगली होती. प्रधानजींनी तर दुप्पट मोठी डिस्क आणली, तीही स्वतःच्याच मेव्हण्याच्या दुकानातून. ती भरली. मेव्हण्याचा खिसाही भरला. एवढी विद्वत्ता वाया गेल्यावर खापर फोडायला एक डोकं हवंच होतं. ते कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हैबतीचं निघालं.

“हैबती!” महाराज गरजले. “उद्याच्या दरबारात डिस्क का भरते ते सांगायचं आणि ती रिकामी करून दाखवायची! पण खबरदार, आमचं एकही दर्शन पुसायचं नाही! जमलं नाही, तर गाढवावरून धिंड!”

“महाराज, सरदारांचे फोल्डर एकदा उघडून बघू का?”

“मानकऱ्यांच्या फोल्डरात तू डोकावणार? मुळीच नाही!”

हैबती घरी आला तो पांढराफटक पडून. त्याची बायको ठकू बाजारात भाजी विकायची. तिच्याशी घासाघीस करायला कोतवालही घाबरायचा. पण नवऱ्याचं बोलणं ऐकून तिनेही डोळ्यांना पदर लावला.

“धिंड तुमची न्हाई निघायची, माझ्या संसाराची निघंल,” ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारलं, “त्या डिस्कमदी ठेवतं कोन कोन?”

“एक फोल्डर महाराजांचा. बाकीचे सरदारांचे. पण ते बघायची बंदी हाय ना!”

“आपुन कशाला बघायचं? त्येच दावतील की!”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. बाहेर गाढव बांधलेलं होतं. प्रधानजींनी त्याला स्वतःच्या हाताने गूळ चारला होता. नवऱ्याच्या आधी ठकूच पुढे झाली आणि तिने मुजरा केला.

“महाराज, कारन सांगते. पर आदी मला सांगा, ह्या दरबारात सगळ्यात निष्ठावान सरदार कोन?”

एकच कल्लोळ उठला. सगळ्यांना ढकलून प्रधानजी पुढे आले. “महाराजांचं प्रत्येक दर्शन मी माझ्या फोल्डरात उतरवून ठेवतो! हे पाहा!” त्यांनी फोल्डर उघडला. पडदाभर महाराजच महाराज!

“प्रत्येकी एकच प्रत? शोभतं का हे प्रधानजी?” सेनापती म्हणाले. “मी दोन-दोन ठेवतो. एक हरवली तर!”

“मी सकाळी ठेवतो आणि संध्याकाळी तीच पुन्हा ठेवतो!” खजिनदार ओरडले. वैद्य आणि ज्योतिषी तरी मागे कसे राहतील? फोल्डरामागून फोल्डर उघडले आणि मिशांची नुसती रांग लागली. इतकं प्रेम पाहून महाराजांना गहिवरून आलं.

“घ्या महाराज, कारन सापडलं!” ठकू म्हणाली. “डिस्क ह्येंनी भरलीया. निष्ठेनं!”

गहिवर ओसरला तसे महाराज सावध झाले. “असेल! पण रिकामी कशी करणार? आमचं दर्शन पुसायचं नाही, हा हुकूम आहे!”

“हुकूम म्हणजे हुकूम,” प्रधानजी खुशीत म्हणाले. “गाढव तयार आहे, महाराज!”

ठकूने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “महाराज, ह्या राज्यात महाराज किती?”

“हा काय प्रश्न झाला? एकच! आम्ही!”

“आन् दुसरा कुनी म्हनला, मीच महाराज, तर?”

“तोतया! कडेलोट करू त्याचा!”

“आन् तोतयाला घरात दडवनाऱ्याचा?”

“त्याचा तर आधी!”

“मग बघा की! खरे महाराज महाराजांच्या फोल्डरात बसल्यात. त्येंना हात लावायची माझी काय टाप? पर प्रधानजींच्या फोल्डरात मिशीला पीळ देत बसलाय त्यो कोन? आन् सेनापतींनी तर जोडीनं पाळल्यात!”

कडेलोट आता कुणाचा, ते मानकऱ्यांना उमगलं. मग सगळे मानकरी एकदम कॉम्प्युटरवर तुटून पडले! सेनापती कुठल्या लढाईत इतके चपळ दिसले नव्हते. प्रधानजींनी तर स्वतःचं पागोटं पडलं तरी माऊस सोडला नाही. ज्याने त्याने आपापला तोतया आपल्याच हाताने पुसला. डिस्क बघता बघता मोकळी झाली आणि महाराजांचं खरं दर्शन जिथल्या तिथे राहिलं.

महाराज आधी गालात हसले, मग सिंहासनाचा हात धरून पोट दुखेपर्यंत हसले.

“हैबती, घरी जा. धिंड रद्द!” डोळे पुसत ते म्हणाले. त्यांनी उजव्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं. तिने ते घेतलं, पण ती जागची हलेना. तिची नजर महाराजांच्या डाव्या मनगटातल्या कड्यावर होती.

“काय गं? हे तर त्याच्यासारखंच आहे,” महाराजांनी तिला पेचात पकडलं. “म्हणजे तोतयाच की नाही?”

“तोतया कसा म्हनू, महाराज?” ठकूने दुसरा हात पुढे केला. “महाराज एकच हायत, पर मला हात दोन हायत!”

महाराजांना पुन्हा हसू फुटलं आणि त्यांनी दुसरंही कडं काढून दिलं.